मिठीत न लागणारं म्यान

आमच्या खोऱ्यात माणूस बायको एका नाचात निवडतो आणि पिस्तुलाचं म्यान निवडायला जन्म घालवतो. खोटं वाटत असेल तर टेनेसीच्या डोंगरात या आणि कुठल्याही घरातलं कपाट उघडा. तळाशी एक खोकं असतंच. कमरेला बोचलेलं, काखेत घाम आणणारं, गाडीत बसलं की बरगडीत घुसणारं, अशी टाकून दिलेली म्यानं त्यात एकमेकांवर पडलेली असतात. त्यातलं प्रत्येक घेताना घरधनी म्हणालेला असतो, "बस, आता हे शेवटचं."

मी म्यानं शिवतो. आधी घोड्यांची खोगिरं शिवायचो. घोडे बरे होते, बोचलं की लाथ मारून तिथल्या तिथं सांगायचे. माणूस चार महिने सोसतो आणि मग शिवणाऱ्याला शिव्या घालतो. माझ्या चुलतभावानं, क्लेटसनं, घोट्याला बांधायचं म्यान नेलं. एक पाय जड झाला, त्यामुळे तो सरळ निघाला तरी गोल फिरून पुन्हा घरीच यायचा. फाटकापर्यंत पोचायला त्याला पंधरवडा लागला. शेवटी बायकोनं टपालपेटीच उपटून अंगणात आणली. बर्लीनं पोटाशी खोचायचं नेलं. नाताळच्या जेवणानंतर पोटाच्या वळ्यांत ते पिस्तूल जे गडप झालं, ते डॉक्टरनं गोड बंद केल्यावर ईस्टरला सापडलं. सोबत एक मनगटी घड्याळही निघालं, आणि ते चालू होतं.

हसून घ्या. लियाना दुकानात आली तेव्हा मी तिला हेच सांगितलं, पण तिला हसू आलं नाही. तिचा जबडा नुकताच तारांतून सुटला होता.

तो जबडा तिच्या नवऱ्यानं, कॉर्बिननं, मोडला होता. घटस्फोट झाला, कोर्टानं त्याला तिच्या आसपास फिरकायला मनाई केली, आणि त्यानं पेट्रोलपंपावर चार लोकांत सांगितलं, की कोर्ट काही तिच्या दाराशी झोपत नाही. तेव्हापासून ती वडिलांचं छोटं पिस्तूल उजव्या कमरेला लावून फिरायची.

"हॉइटकाका, रोज लावता येईल असं काहीतरी द्या," ती म्हणाली. "सकाळी लावलं की झोपेपर्यंत काढायचं नाही, असं."

"आणि आत्ता आहे त्याला काय धाड भरली?"

"मी दिवसभर म्हातारी माणसं उचलते, काका. अंघोळीला, खुर्चीत, खाटेवर. कमरेवरचं त्यांना लागतं. ओगलबाई परवा म्हणाल्या, पोरी, तुझं हाड बाहेर आलंय, डॉक्टरला दाखव."

"मग घरी ठेव."

"तो घरीच येईल असं त्यानं तुम्हाला लिहून दिलंय का?"

मी घोट्याचं दाखवलं. ती म्हणाली, गळा धरल्यावर घोट्यापर्यंत हात कुणाचा पोचतो? काखेतलं दाखवलं. म्हातारी माणसं तिथंच हात घालून लोंबकळतात. पर्समध्ये ठेवायची पिशवी मी दाखवलीच नाही. पर्स बाई कुठंही ठेवते, आणि मग पिस्तूल तिथं नि बाई इथं.

"विचार करतो," मी म्हटलं.

पण पुढच्या आठवड्यात ती परत आली ती वेगळंच घेऊन. कॉर्बिननं तिच्या भावाजवळ निरोप ठेवला होता: उजव्या कमरेला लोखंड बांधून फिरतेस म्हणे. फार बोचत नाही ना?

"कुणाला सांगितलं होतंस?" मी विचारलं.

"तुम्हाला. आणि ओगलबाई तर त्याला हाड समजतात."

"मी सगळ्यांना सगळं सांगतो, पण माझ्यावर विश्वास कोण ठेवतो? मी नाही सांगितलं."

"माहीत आहे. म्हणून तर विचारायला आले. तुमची नजर असते चर्चच्या दारात. रविवारी जरा बघा, मला मिठी कोण कशी मारतं."

आता आमच्या चर्चमध्ये मिठी मारल्याशिवाय आत जाता येत नाही. तो रिवाज आहे. माझा तर दारात उभं राहण्याचा मानच आहे, आणि खरं सांगायचं तर निम्म्या खोऱ्याची म्यानं मी मिठीतच ओळखतो. धर्मोपदेशक डाव्या बाजूला, ऑर्गन वाजवणारी बाई पाठीवर, आणि दानपेटी फिरवणाऱ्याकडे दोन.

त्या रविवारी मी बघितलं. लियाना आली. सगळ्यांच्या आधी तिला जाऊन बिलगली कॉर्बिनची आई, व्हर्नीस. दर रविवारी बिलगायची. घटस्फोट मुलानं घेतला, मी नाही, असं सगळ्यांना ऐकवायची. डोळ्यांत पाणी, तोंडात "माझी पोर गं", आणि डावा हात लियानाच्या पाठीवरून घसरत उजव्या कमरेवर आला. तिथं थांबला. भाकरीचं पीठ पुरेसं मळलं का बघताना बोट थांबतं, तसा.

मी लियानाला सांगितलं. ती माझ्या कामाच्या टेबलावरचा दोरा गुंडाळू लागली.

"सासूची मिठी नाकारता येत नाही," मी म्हटलं. "आख्खं चर्च विचारेल, का."

"नाकारायची कुणाला आहे?" ती म्हणाली. तिनं भिंतीकडे बोट केलं. तिथं माझे लाकडी साचे टांगलेले असतात, हुबेहूब पिस्तुलं, ओलं चामडं त्यांच्यावर ताणून आकार द्यायचा असतो. "त्यातला एक द्या. माझ्या जुन्या म्यानात घालून इथंच उजवीकडे ठेवते. तिला तिथंच लागू दे."

"आणि खरं?"

"ते मिठीत लागणार नाही असं कुठं राहील, ते तुम्ही सांगा. साठ वर्षं मिठ्या मारताय."

ते मला सांगता आलं. चर्चमधली मिठी खांद्यापासून बरगड्यांपर्यंतच असते. खाली दोघांत वीतभर अंतर राहतं, कुणी काही बोलू नये म्हणून. म्हातारं माणूस उचलतानाही अंग तसंच वाकतं, छाती भिडते, पोट मागं राहतं. म्हणजे जागा एकच, समोर, बेंबीच्या खाली, पट्ट्याच्या आत. पण तिथं वाकलं की नळी जांघेत रुतते आणि मूठ पोटापासून सुटून सदऱ्याला टेंगूळ आणते. मी नळीच्या टोकापाशी, आतल्या अंगाला, मेंढीच्या लोकरीची पाचर शिवली. टोक अंगापासून ढकललं जातं, मूठ पोटाला चिकटते, रुतणं बंद. चाप पूर्ण झाकेल असं जाड चामडं घेतलं. ती उजव्या हाताची होती, पण मूठ मी डाव्या हाताला वळवून ठेवली. का, ते दोघांनाही माहीत होतं.

तिनं ते लावलं. खाली वाकली, खुर्चीत बसली, दुकानातलं मक्याच्या पिठाचं पोतं उचलून कोपऱ्यात नेलं.

"कसं आहे?"

"कळतसुद्धा नाही आहे म्हणून," ती म्हणाली. मी आयुष्यात शिवलेलं सगळ्यात चांगलं म्यान ते.

व्हर्नीस पुढच्या रविवारी बिलगली. हात फिरला, लाकडापाशी थांबला, निघाला. लियानानं तिच्या गालाचं चुंबन घेतलं.

ओगलबाईंच्या अंगणात, भर दुपारी, लियाना धुतलेल्या चादरी गाडीतून काढत असताना कॉर्बिन आला. त्याच्याजवळ पिस्तूल नव्हतं, कोर्टानं काढून घेतलं होतं. त्यानं पहिल्यांदा तिचं उजवं मनगट पकडलं आणि दाबून धरलं. मग निवांतपणे दुसरा हात गळ्यावर नेला. ओगलबाई व्हरांड्यातून बघत होत्या. त्यांनी शेरीफला सांगितलं, की तो तिला म्हणाला, "आता काय करशील?" तिनं डाव्या हातानं दोन गोळ्या झाडल्या. तो चादरींवर पडला.

शेरीफनं तिच्या गळ्यावरचे वळ बघितले आणि प्रकरण बंद केलं. लोकांनी व्हर्नीसच्या घरी कोंबडी, घेवड्याची उसळ आणि केक नेऊन दिले, कारण मेलेला कसाही असो, आई ही आई असते. लियानाकडे कुणी काही नेलं नाही. जिवंत राहिलेल्याला काय न्यायचं, हे आमच्याकडे ठरलेलं नाही.

दफन झाल्यावर काही दिवसांनी व्हर्नीस माझ्या दुकानात आली. खुर्ची दिली तरी उभीच राहिली.

"शेरीफनं दाखवलं ते लाकूड तुझंच ना, हॉइट?"

"माझंच."

"मी त्याला सांगत होते, ती पिस्तूल बाळगते, जाऊ नकोस. तो म्हणाला, कुठं ठेवते? मी म्हटलं, उजवीकडे. मनात म्हटलं, गेलाच तर हात धरेल, पिस्तूल निघणार नाही, तो मरणार नाही."

"आणि ती, व्हर्नीस?"

ती भिंतीवरच्या साच्यांकडे बघत राहिली. "ती तरुण आहे," म्हणाली. "मार सोसला असता. मी सोसलाच की त्याच्या बापाचा."

मी हातातली सुई चामड्यात खोचून ठेवली. 

मग तिनं पिशवीतून नवऱ्याचं जुनं रिव्हॉल्व्हर काढून टेबलावर ठेवलं. "याला म्यान शिवून दे. रोज लावायचंय. म्हातारीला बसता-उठता जड जाणार नाही, असं बघ."

"तुला कशाला हवंय?"

"सगळ्यांना कशाला हवं असतं?"

नाही म्हणालो असतो, तर ती नॉक्सव्हिलच्या बाजारातून लोण्यासारखं मऊ घेऊन आली असती. मी शेरीफला गाठलं. तो म्हणाला, म्हाताऱ्या बाईनं म्यान शिवायला टाकलं म्हणून मी तिला काय करू, खोऱ्यात सगळेच शिवून घेतात. लियानाला सांगितलं. तिनं मान हलवली, तिला आधीच अंदाज होता.

तेव्हा मी एक म्यान शिवलं. सगळ्यात कडक चामडं घेतलं, कडा घासली नाही, तेल दिलं नाही. टाके आतल्या बाजूला उंच ठेवले. पट्टा असा वळवला, की बसलं की वरची धार थेट कमरेच्या हाडावर यावी. चाळीस वर्षं जे टाळायला शिकलो, ते सगळं त्यात घातलं. असलं म्यान धडधाकट गडीसुद्धा दोन दिवसांत काढून खोक्यात फेकतो, आणि व्हर्नीसचं ते हाड तर एकदा मोडून सांधलेलं. मला वाटलं, मी फार हुशारी केली.

रविवारी ती आली. कुणालाही मिठी मारली नाही. लंगडत जाऊन लियानाच्या मागच्या बाकावर बसली, आणि बसताना तिचा चेहरा पांढरा पडला. भजन सुरू झालं, सगळे उठले, ती उठली. सगळे बसले, ती बसली. ओठ मिटलेले. पुढचा रविवार तसाच, त्याच्या पुढचाही. तिच्या झग्यावर उजव्या बाजूला एक काळपट डाग दिसायला लागला.

शेवटी मी तिला दाराशी अडवलं. "अगं, सोललं गेलंय तुझं सगळं. काढून ठेव ते. किंवा आण इकडे, मऊ करून देतो."

मी खरंच मऊ करून दिलं असतं का, देव जाणे.

"बोचतं," ती म्हणाली. "बोचतं म्हणून तर विसर पडत नाही. तू चांगलं शिवलंस, हॉइट."

लियाना आता व्हर्नीसच्या मागच्या बाकावर बसते. चर्च बदल म्हणून मी सांगितलं, पण ती म्हणते, काका, निदान इथं ती मला दिसते. लियानाच्या पोटाशी ते दुसरं म्यान आहेच, लोकरीची पाचर लावलेलं, सुखाचं. प्रार्थना संपली की व्हर्नीस पुढच्या बाकाला धरून उठते, आणि उठताना तिचा उजवा हात कमरेकडे जातो. दुखतं म्हणून जातो की कशासाठी, हे लियानाला दर रविवारी नव्यानं ठरवावं लागतं.