दोनदा टक

नवीन वायरलेस सुरू झालं त्या सकाळी अग्निशमन दलाच्या कंट्रोल रूममध्ये इतकं चिडीचूप झालं की मला वाटलं, माझेच कान गेले. बावीस वर्षं जुन्या सेटची खरखर ऐकत मी या खुर्चीत बसले. आता खरखर नाही, नावं नाहीत, स्क्रीनवर नुसते हिरवे आकडे.

"याला क्लिअर म्हणतात, ताई," कंपनीचा इंजिनिअर म्हणाला.

"क्लिअर आहे की मेलंय?"

तो हसला. मी विनोद केला नव्हता.

माझा धाकटा दीर याच दलात जवान आहे. वजन नव्वद किलो, म्हणून सगळे त्याला बारक्या म्हणतात. अकराच्या सुमारास गाद्यांच्या कारखान्याला आग लागली आणि तो जोडीदाराला घेऊन तळघरात निघाला.

"वहिनी, या डब्यावर गाणी लागतात का हो?"

"नाती नकोत, नंबर बोला!" साहेब माझ्या मागून खेकसले.

"बरं. वहिनी, चार हजार एकशे सतरा आत जातोय."

आत गेलं की तोंडावर मास्क. बोललेलं कळत नाही, नुसतं घुसमटल्यासारखं ऐकू येतं. म्हणून आमच्यात एक रीत होती, कुठल्याच पुस्तकात नसलेली. दर दोन मिनिटांनी सेटचं बटण दोनदा दाबायचं. टक-टक. म्हणजे ठीक आहे. तीनदा दाबलं तर अडकलोय, या. एवढ्यावर आजवर माणसं घरी आली.

दोन मिनिटं झाली. चार झाली. टक-टक नाही.

"रेंज गेली का हो?"

"फुल आहे. बघा ना, हिरवा."

"मग काहीच का येत नाही?"

"त्यांनी काही पाठवलं नसेल."

आता याचा अर्थ काय लावायचा? हिरवा म्हणजे बारक्या धडधाकट, की त्याच्या कमरेचा डबा धडधाकट? सहा मिनिटं झाली. कारखान्याबाहेरून फायर ऑफिसर विचारू लागले, "कंट्रोल, आमच्याकडे काही येत नाही. तुमच्याकडे? आणखी माणसं आत घालू का? छत धड दिसत नाहीये."

काय सांगू? तो ठीक असेल तर चार माणसं उगाच मरणाच्या दारात. ठीक नसेल तर?

"काही झालंच तर तो नारिंगी बटण दाबेल की," साहेब म्हणाले. "धोक्याचं बटण आहे ते."

"कालच तुम्ही दम दिलात ना, नारिंगीला हात लावाल तर घरी पाठवीन म्हणून?"

ट्रेनिंगमध्ये चौघांनी ते चुकून दाबलं आणि शहरभर बोंब झाली, म्हणून तो दम. साहेबांनी पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडलं, परत लावलं. प्यायले नाहीत.

इंजिनिअर शेजारच्या स्क्रीनवर मघापासून माऊस टिकटिकवत होता.

"काय पुसताय?"

"कचरा, ताई. पहिल्या दिवशी येतोच. कोणीतरी बटणाशी खेळतंय. एक सेकंद दाबून धरलं नाही तर सिस्टीम त्याला कॉल धरतच नाही."

मी त्याला खुर्चीसकट ढकललं. यादी होती. ४११७, अपुरा कॉल. ४११७, अपुरा कॉल. दोन ओळी, मग दोन मिनिटांनी दोन ओळी. आणि खाली तीन. लगेच परत तीन. मी बघत असतानाच आणखी तीन.

"वरचे किती पुसलेत?"

"मोजले नाहीत."

मी माईक दाबला आणि ओरडले. फायर ऑफिसर म्हणाले, "कंट्रोल, अर्धंच आलं. परत बोला." माझेही शब्द त्या डब्याने गिळले होते. दाबून धरलं, मनात एक मोजलं आणि म्हणाले, "माणसं आत घाला. दोघं अडकलेत."

गाद्यांचा रॅक जोडीदाराच्या पायावर कोसळला होता. बारक्या त्याला सोडून हलला नाही. दोघं जिवंत निघाले. संध्याकाळी हॉस्पिटलात बसक्या आवाजात मला म्हणतो, "काय वहिनी, डुलकी लागली होती का? अंगठा मोडायची वेळ आली माझी."



दुसऱ्या दिवशी साहेबांनी फॉर्म पुढे सरकवला. एकच प्रश्न. सिस्टीममध्ये बिघाड झाला का? हो किंवा नाही.

इंजिनिअर म्हणतो बिघाड नाही, जे सांगितलं तेच यंत्राने केलं. आणि ते खरं आहे! दीड वर्ष मीटिंगा झाल्या, तेव्हा यंत्राला काय सांगायचं हे आम्हाला एकाही शहाण्याने विचारलं नाही. हो लिहू तर खोटं. नाही लिहू तर त्याहून खोटं. फॉर्म तसाच कोरा पडलाय, साहेब रोज मागतात.

तोवर मी इंजिनिअरच्या खुर्चीत बसते. कॉलचा स्क्रीन कोणीही बघा. मी कचरा बघते.