जिपेचं पाचवं बोट

दादाची होणारी बायको जिपेखाली पाठीवर पडली होती आणि दादा तिच्या हातात पाना देत होता. धाकटीच्या पोटात दुखायला लागलं ते नेमकं तेव्हापासून. जिपेखाली शिरायचं काम धाकटीचं होतं. अंगानं ती एवढीशी, कुठेही मावायची. दादानं पाना द्यायचा आणि तिनं बोल्ट सोडवायचा, असं आजवर चालत आलेलं. आता तिच्या जागी एक लांबलचक बाई आडवी झाली होती आणि तिचे पाय पार शेडच्या दारापर्यंत आले होते.

"आयत्या बिळावर नागोबा," धाकटी आईजवळ पुटपुटली.

"नागोबा नाही, सून आहे माझी. जा, चहा नेऊन दे तिला."

धाकटीनं चहा नेला, पण बशीत सांडत नेला.

जीप अप्पांची. अप्पा विजेच्या तारा तपासायला रानोमाळ फिरायचे तेव्हाची. गुडघ्यानं दगा दिल्यावर त्यांनी फिरणं सोडलं आणि जीप घराशेजारच्या शेडमध्ये जाऊन बसली. तिच्या डोक्यावरचा पत्र्याचा टप अप्पांनी स्वतः ठोकून बसवलेला. त्याला कुणी हात लावलेला त्यांना खपत नसे. गाडीचं बाकी काय वाट्टेल ते करा म्हणायचे, टप माझा आहे.

दादा आणि धाकटी एकाच कॉलेजात, तो शेवटच्या वर्षाला आणि ती दुसऱ्या. कॉलेजातली गाडीवेडी पोरं वर्षातून एकदा शहराबाहेरच्या टेकडीवर गाड्या चढवायची. वाट कसली, दगडांनी भरलेला कोरडा ओढाच तो. एका गाडीत दोघंच, एक चालवणारा आणि एक शेजारी बसून वाट सांगणारा. गेल्या वर्षी ही दोघं गेली होती. पहिल्याच धोंड्यावर जिपेचं पोट टेकलं, चारही चाकं हवेत गरगर फिरत राहिली आणि बघणारे पोट धरधरून हसले. परत येताना दादा म्हणाला होता, "पुढच्या वर्षी हिला उंच करू. आपण दोघं." आपण दोघं हे दोन शब्द धाकटीनं वर्षभर उराशी धरले होते.

उंच करायचं म्हणजे काय, ते दोघांनी दुकानात जाऊन पाहिलं होतं. काचेपलीकडे नव्या कोऱ्या, रंगवलेल्या कमानींचा अख्खा संच मांडलेला. दुकानदारानं या दोघांच्या चपला बघितल्या आणि किंमत सांगायचेही कष्ट घेतले नाहीत. मग धाकटीनंच डोकं चालवलं. जीप तोलून धरणारी कमान म्हणजे तरी काय, एकावर एक रचून आवळलेले लोखंडी पाटेच. त्यात आणखी एक पाटा घातला की कमान ताठ होते आणि गाडी वर उचलली जाते. भंगारवाल्याकडे मोडक्या टेम्पोच्या कमानी पडलेल्या होत्या. धाकटीनं त्यातले धड पाटे शोधून काढले, भंगारवाल्याशी घासाघीस केली आणि सायकलच्या कॅरियरवर बांधून घरी आणले. दादानं तिच्या डोक्यावर टपली मारली तेव्हा ती आणखी चार खेपा करायला तयार होती.

आणि मग या बाई आल्या. दादाच्याच वर्गातल्या. लग्न दोन्ही घरांनी ठरवलेलं, नोकरी लागली की उरकायचं. त्या उंच, शांत, आणि कुणी काही बोललं तर आधी ऐकून घेणाऱ्या. धाकटीला त्यांच्यात खोट म्हणून सापडेना, त्यामुळे तर तिचा जळफळाट आणखी वाढला. एखादी भांडकुदळ, नटवी वहिनी असती तर सोपं झालं असतं!

"एका कमानीत एकच पाटा घालू," बाई म्हणाल्या. "गाडी चार बोटं वर येईल. पाचवं बोट नको, कारण..."

कारण धाकटीला ऐकायचंच नव्हतं. बाई बोलायला लागल्या की ती हातोडा उचलायची आणि पाट्यांवरचा गंज झोडपायला बसायची. ठाण् ठाण् ठाण्. बाई थांबायच्या, हसायच्या, पुन्हा सुरू करायच्या. पुन्हा ठाण् ठाण्. दादा मात्र मान डोलावून ऐकायचा. दहा शब्दांत त्याचे सात 'ती म्हणते' असायचे. "ती म्हणते ब्रेकचा पाइप लांब घ्यावा लागेल. ती म्हणते बोल्ट नवेच घालू." आणि धाकटी काय म्हणते? धाकटीला कोणी विचारलंय!

कमानी चढवून झाल्या. जीप खरोखर चार बोटं उंच झाली. दादानं बाईंच्या पाठीवर थाप मारली. ती थाप धाकटीच्या डोळ्यांत कुसळासारखी खुपली. पाटे कोणी शोधले, कोणी वाहिले, सगळं पाण्यात गेलं.

दुसऱ्या दिवशी ती दोघं बाईंच्या घरी गेली, दोन दिवसांसाठी. धाकटीच्या हाती शेड आली, आणि शिल्लक पाटेही आले. पाचवं बोट नको काय? आपण पाचवंच नव्हे, सहावंही देऊ. टेकडीवर सगळ्यांत उंच जीप आमची, आणि ती धाकटीनं केली, असं दादाच्या तोंडून निघालं पाहिजे. मग शेजारच्या जागेवर कोण बसणार, हे वेगळं सांगायला नको. तिनं जॅक लावला, चारही कमानी पुन्हा सोडल्या, प्रत्येकीत आणखी एक पाटा दडपला आणि बोल्ट आवळले. हाताची सालटं निघाली. वर पंक्चरवाल्यानं टाकून दिलेले मोठे टायरही तिनं गोड बोलून आणले आणि चढवले. शेवटी पालथी पडून तिनं जिपेच्या पोटाखाली पट्टी धरली आणि मनाशी हसली. पोटाखाली मोजलं, डोक्यावर बघायचं मात्र तिला सुचलंच नाही.

दादा बाईंना घेऊन परतला तो टेकडीच्या दिवशीच, सकाळी. जिपेभोवती दोन फेऱ्या मारून तो म्हणाला, "अगं, ही तर हत्तीण झाली! एकटीनं केलंस?"

धाकटी फुलून गेली. पण फुलायलाही तिला फार वेळ मिळाला नाही. दादानं मान खाजवली. मान खाजवली की पुढचं वाक्य वाईट असतं, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

"ऐक ना. या खेपेला तिला नेतो. तिनं कधी बघितलं नाही गं. तू पुढच्या वर्षी ये."

"ने की," धाकटी म्हणाली. "मला काय करायचंय."

तिच्या अंगाचा तिळपापड झाला होता. दोन दिवसांची सालटं आता चुरचुरायला लागली. ती शेडबाहेर जाऊन भिंतीला टेकून उभी राहिली, आणि आत जीप सुरू झाली, उलटी मागे आली आणि कर्रर्र करून थांबली.

अप्पांचा टप दाराच्या वरच्या लोखंडी तुळईला अडकला होता.

मग बाई हळूच म्हणाल्या, "तेच सांगत होते मी. पाचवं बोट नको म्हटलं, कारण दार."

धाकटीला हातोड्याचा एकेक ठोका आठवला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

"टप काढू," दादा म्हणाला.

"आधी मला काढ," अप्पा दारातून ओरडले.

पाटे पुन्हा सोडायचे तर दुपार झाली असती. म्हणून चाकांतली हवा सोडली. जीप खाली बसली, पण पुरेशी नाही, अजून बोटभर अडतच होती. मग बाईंनी सुचवलं, की गाडीत माणसं भरू. वजनानं कमानी दबतील. टपाची मागची कड अडत होती, म्हणून सगळे मागेच चढले. अप्पा चढले, कण्हत. आई चढली, गॅस बंद केला का ते दोनदा आठवत. शेजारचे बेकरीवाले काका चढले तेव्हा जीप खरोखर कुरकुरली.

"काका, आज पहिल्यांदा तुमच्या पोटाचं कौतुक वाटतंय," दादा म्हणाला.

"कष्टाचं पोट आहे बाबा," काका म्हणाले आणि आणखी आत सरकले.

सगळ्यात शेवटी बाई, अगदी मागच्या कडेवर, मान वाकवून, तोंड तुळईशी. उरली धाकटी. ती वजनाला कापूस, म्हणून तिला बाहेर स्टुलावर उभं केलं. तिनं फट बघायची आणि हाक द्यायची. दादा गाडी हलवणार तो तिच्या एका शब्दावर.

"बघ गं नीट," तो आतून ओरडला. "सुटतंय का?"

धाकटीनं टाचा उंचावून पाहिलं. टप आणि तुळई यांच्यामधून पलीकडचा उजेड दिसत होता. बारीक, पण दाराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. सुटत होतं. तिनं 'ये' म्हणायचा अवकाश, जीप बाहेर, माणसं खाली, बाई पुढच्या जागेवर, आणि दोघं टेकडीला. तिच्या पाट्यांवर, तिच्या टायरांवर बसून. नाही गेले तर? मग कोणीच नाही जाणार. मला नाही तर कुणालाच नाही.

"अडतंय," ती म्हणाली.

आणि तिनं खाली बघितलं. बाईंचं तोंड त्या फटीपासून वीतभरावर होतं. बाईंनी वर पाहिलं. हात उचलून फटीत नख घातलं आणि सावकाश इकडून तिकडे फिरवलं. नख कुठेच अडलं नाही. मग त्यांनी धाकटीकडे पाहिलं.

धाकटीच्या कानापर्यंत रक्त चढलं. आता सांगणार. आई आहे, अप्पा आहेत, शेजारचे काकाही आहेत. सगळ्यांसमोर सांगणार, आणि सांगावंच तिनं.

"हो, अडतंय जरासं," बाई मोठ्यानं म्हणाल्या. "अजून थोडं वजन हवं. हिला पुढे बसवा. मी इथून बघते."

"ही? हिचं कसलं आलंय वजन?" आई म्हणाली.

"तेवढंच कमी पडतंय, आई."

धाकटी स्टुलावरून उतरली. ती पुढून वळसा घालून दादाशेजारी बसली. मागून बाईंचा आवाज आला, "ये... ये... सुटतंय. ये." जीप मागे सरकली आणि सकाळच्या उन्हात आली. काकांनी टाळ्या वाजवल्या, अप्पांनी उतरल्याबरोबर टपावरून हात फिरवला.

दादा पुढच्या चाकात हवा भरायला गेला. बाई धाकटीच्या खिडकीशी आल्या. त्यांच्या केसांत गंजाचा भुगा पडला होता.

"उतरू नकोस," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "तूच जा. मी त्याला सांगते, माझी मान आखडलीय म्हणून."

"मी..." धाकटी म्हणाली.

"माझ्या दादाचं लग्न झालं ना, तेव्हा मी आठवडाभर वहिनीच्या चहात मीठ घालत होते. ती रोज प्यायची. तोंड वाकडं न करता."

एवढं बोलून त्या पंपावर पाय मारायला निघून गेल्या. धाकटी बघत राहिली. म्हणजे चांगुलपणातही हीच पुढे! दोन दिवस राबून, सालटं काढून धाकटीनं जीप उंच केली, आणि या बाईनं नुसतं एक नख फिरवून तिला पार ठेंगणी करून टाकलं. असं माणूस घरात आल्यावर आपण काय करायचं, कुठे जायचं?

जीप गल्लीतून निघाली. आरशात बाई शेडच्या दारात उभ्या दिसत होत्या, एक हात मानेवर. खोटी आखडलेली मान त्या अगदी नीट धरून होत्या.

दादा खुशीत होता. "बिचारीची मान आखडली. पण तू कमाल केलीस हं, बुटके! एवढी माणसं भरली तरी अडत होती, आणि तू बसलीस तशी सुटली. मी तर आता सगळ्यांना सांगणार, माझ्या बहिणीनं जीप उंचही केली आणि बाहेरही काढली."

हेच ऐकायला ती इतके दिवस तडफडली होती. आता ऐकलं, आणि त्यानं तोंड बंद ठेवावं असं तिला वाटलं. जीप मोठ्या रस्त्याला लागली.

"दादा, मी बसायच्या आधीच सुटत होती गाडी," ती म्हणाली. "मी खोटं बोलले."

दादानं गाडी कडेला घेतली.

"पण तिचं तोंड तर तुळईलाच होतं. तिला दिसलं असणार की."

"दिसलं. नख घालून बघितलं तिनं."

"मग ती बोलली का नाही?"

"तेच तर!" धाकटी म्हणाली, आणि दोन्ही सोललेल्या हातांनी तोंड झाकून रडायला लागली.