पहिल्या पानावरची बेकरी

आमच्या गावच्या साप्ताहिकात पहिल्या पानावर यायचं तर आधी मरावं लागायचं. असा नियम कुणी केला नव्हता. पण चार पानांचा पेपर, त्यात जिवंत माणसाबद्दल छापणार काय? तो तर रोज समोर दिसतो. माणूस गेला किंवा एखादं दुकान बंद झालं, की पहिल्या पानावर मधोमध फोटो, भोवती चौकट, आणि खाली असा मजकूर की जन्मभर भांडलेला शेजारीही डोळे पुसायचा. हे सगळं लिहायची माझी नणंद. संपादक तीच, बातमीदार तीच, आणि छपाईचं मशीन अडलं की बाह्या सरसावून त्यात हात घालणारीही तीच. मी तिला तोंडावर ताई म्हणायचे आणि पाठीमागे संपादकीणबाई. तिला दोन्ही माहीत होतं.

माझ्या नवऱ्याची बेकरी होती. सासऱ्यांनी बांधलेली विटांची भट्टी, लांब दांड्याचं लाकडी फावडं, आणि पीठ आमच्याच रस्त्याच्या टोकाला असलेल्या गिरणीतलं. गिरणीतला गहू आसपासच्या शेतांतला. त्या पिठाचा पाव जरा काळपट आणि जाड सालीचा व्हायचा, पण शिळा झाला तरी चव धरून असायचा. दुसरं पीठ आणून बघ, स्वस्त पडेल, असं मी कितीदा तरी सुचवलं. मग तो पाव माझा कसा, हे त्याचं ठरलेलं उत्तर. डोक्यात एकदा काही बसलं की ते काढायला भट्टीच फोडावी लागली असती.

मग चौकात मोठं दुकान आलं. दारावर भल्यामोठ्या अक्षरांत लिहिलेलं, ‘इथलं, आपलं’. आतला पाव गोठवलेला, ट्रकमधून यायचा. कुठून, ते बहुतेक ट्रकवाल्यालाही ठाऊक नसावं. तिथे तो नुसता गरम करायचे आणि त्याचा वास पंख्याने रस्त्यावर सोडायचे. वास छान होता, उगाच खोटं कशाला बोलू? हळूहळू आमच्या फळीवर पाव उरायला लागले. रोजची गिऱ्हाइकं त्या दुकानाची पिशवी अंगाआड धरून आमच्या दारावरून भराभर चालायला लागली, जणू आम्हाला दिसतच नव्हतं.

दुकानाला गिरणीवालाही हवा होता. त्याचं सगळं पीठ चकचकीत पिशव्यांत भरून, वर गिरणीचं चित्र छापून, ते दूरच्या शहरांत विकायचा त्यांचा बेत होता. गिरणीवाला नवऱ्याचा लहानपणापासूनचा मित्र. तो म्हणाला, “तू भट्टी पेटवतोयस तोवर मी त्यांना हो म्हणणार नाही. पण तू थांबलास की मलाही पोट आहे.” म्हणजे सगळं त्या भट्टीवर येऊन ठेपलं होतं. ती विझली की पीठ जाणार, आणि पीठ गेलं की ती पुन्हा पेटवून काही उपयोग नव्हता.

हे कळल्यावर संपादकीणबाई पदर खोचून उभ्या राहिल्या. बेकरीवर लिहायचं ठरलं, तेही पहिल्या पानावर. अडचण एवढीच, की पेपर चालत होता तो शेवटच्या पानावरच्या मोठ्या दुकानाच्या जाहिरातीवर. दुकानाचा मॅनेजर बाहेरून आलेला, वयाने कोवळा आणि बोलायला फार गोड. त्याने ताईला खुर्ची दिली, चहा दिला, आणि दोन्ही एकाच अंकात शोभणार नाही, काय ते तुम्हीच ठरवा, असं सांगितलं. ताईने जाहिरात सोडली. “जाहिराती काय, येतील,” ती मला म्हणाली. येणार नव्हत्या हे तिला कळत होतं आणि मलाही. त्या दिवशी मला तिच्याबद्दल जे वाटलं ते मी तिला कधी बोलून दाखवलं नाही.

आठवडाभर ती पिठाच्या पोत्यावर बसून नवऱ्याला प्रश्न विचारत होती. मग तिने लिहिलं, आणि काय लिहिलं! भट्टीची ऊब, सासऱ्यांचे भाजलेले हात, गावातल्या पोरांचे पहिले दात याच पावावर आले ते. मधोमध नवऱ्याचा हसरा फोटो, भोवती चौकट. इतकी वर्षं ती एकच प्रकारचं लेखन करत आली होती, तिच्या हाताला दुसरं वळणच नव्हतं. छापायच्या आधी मी वाचलं आणि मला रडू कोसळलं. नवऱ्यानेही पिठाच्या हाताने डोळे पुसले. इतकं रडण्यासारखं त्यात काय आहे, हा प्रश्न आम्हा तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आला नाही.

अंक निघाला त्या सकाळी दारात रांग लागली. उघडल्या उघडल्या पाव संपले. नवऱ्याने दुसरा घाणा लावला, तोही संपला. कित्येक महिन्यांनी तो शीळ घालत होता. मी काउंटरवर होते. माणसं जरा जास्तच हळू बोलतायत हे माझ्या लक्षात आलं, पण म्हटलं, शरमिंदी झाली असतील, बरंच आहे. मग निवृत्त मास्तरांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला.

“फार सोसलंत हो तुम्ही दोघांनी,” ते म्हणाले. “आता आराम करा.”

त्यांच्यामागची शिंपीणबाई फुलं घेऊन आली होती. ती तिने काउंटरवर, वजनकाट्याशेजारी ठेवली, आणि शेवटचा पाव मिळाला हेच नशीब, असं म्हणून डोळ्यांना पदर लावला. अहो, बेकरी चालू आहे, असं मी म्हटलं. तिने मायेने मान हलवली आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला.

दुपारी नवरा पीठ आणायला गिरणीवर गेला आणि रिकामी हातगाडी घेऊन परत आला. गिरणीवाल्याने सकाळीच पेपर वाचून दुकानाला होकार कळवला होता, सही करून दिली होती. मित्राला हे आपल्या तोंडावर सांगवलं नाही, म्हणून तो पेपरातून सांगतोय, असं गिरणीवाल्याला वाटलं. नवऱ्याच्या गळ्यात पडून तो रडला म्हणे. झालेली चूक कळल्यावर आणखी रडला. पण सही ती सही.

पुढच्या अंकात ताईने ठळक अक्षरांत छापलं, बेकरी चालू आहे. पहिल्या पानावर, मधोमध. नवरा केस कापायला गेला तेव्हा न्हाव्याने कात्री थांबवून हळूच त्याला समजावलं, “ताईंना धक्का बसलाय. तुम्हीच त्यांना सांभाळून घ्या.”

तरी नवऱ्याने बाहेरचं पीठ आणून काही दिवस भट्टी पेटवली. आयुष्यात पहिल्यांदा त्याने आपला हट्ट सोडला, आणि कुणी बघायलाही आलं नाही. माणसं वाईट नव्हती. पण एकदा मनापासून रडून निरोप दिला, फुलं वाहिली, की त्याच माणसाकडे दुसऱ्या दिवशी अर्धा पाव मागायला कुठल्या तोंडाने जायचं? आधी ती पिशवी लपवून दारावरून जायची, आता रस्ता ओलांडून पलीकडून जायला लागली. निरोप दिल्यामुळे त्यांची मनं मोकळी झाली होती. मोठ्या दुकानाची पिशवी आता उघड हातात दिसायची.

भट्टी खरंच विझली त्या दिवशी कुणीच आलं नाही. पेपरातही काही आलं नाही. ताई फावड्याकडे बघत बसली होती. “आता काय छापू?” ती म्हणाली. “छापून झालंय ना माझं.” महिनाभरात तिचंही मशीन बंद पडलं. गावच्या बातम्या आता मोबाइलवर येतात. त्या लिहिणाऱ्यांनी आमचा चौकही पाहिलेला नसावा, कारण ते त्याचं नाव चुकवतात.

मॅनेजरने नवऱ्याला काम दिलं. मनापासून दिलं, मी त्याला नावं ठेवणार नाही. पावाच्या काउंटरवर टोपी आणि हातमोजे घालून गोठलेले पाव यंत्रात सरकवायचे. काउंटरच्या वर भिंतीवर त्यांनी ताईचं ते पहिलं पान मोठं करून लावलंय, चौकटीसकट. वर अक्षरं, ‘इथलं, आपलं’. लावू का, असं त्याने आधी विचारलं होतं. नवरा म्हणाला, लावा.

आमची भट्टी आता पेटत नाही, म्हणून पाव मलाही तिथूनच आणावा लागतो. काल माझ्यापुढे एक नवीन बाई उभी होती, गावात नुकतीच राहायला आलेली. तिने तो फोटो बराच वेळ पाहिला. टोपीखालचा माणूस काही तिच्या ध्यानात आला नाही.

“चांगले वाटतात हो,” ती त्याला म्हणाली. “कधी गेले?”

“हे छापून आलं, त्याच दिवशी,” नवरा म्हणाला.

ती चुकचुकली आणि पाव घेऊन गेली. मग माझा नंबर आला. मी ऐकलंय हे त्याला दिसलं होतं. त्याने माझा पाव पिशवीत घातला, पिशवीचं तोंड नीट दुमडलं, आणि तिथे प्रत्येक गिऱ्हाइकाला म्हणायचं असतं तसं खाली बघून मला म्हणाला, “पुन्हा या.”