मापात बसलेली सायकल

माझा भाऊ पप्पू डोक्यानं अर्धवट. त्यानं मला रेसची सायकल घेतली ती शाळेच्या गणवेशागत, वाढत्या अंगाची. चोविसाव्या वर्षी मी आता कुटं वाढणार? हँडल गाठायला आडवं व्हायचं, उतारावर ब्रेकला बोटं पुरायची न्हाईत. गेल्या महिन्यात पवनेच्या रस्त्याला पडून दोन दात गेले. मग आमचे सायकलिंगचे सर म्हणाले, "चैताली, मापाची सायकल आण, नाहीतर रविवारी जिल्ह्याच्या निवडीला उभी करणार नाही." पुढल्या वर्षी मी निवडीच्या वयात बसणार न्हवते.

शुक्रवारी लोणावळ्यात एक घावली. जुनी, पण बायकांच्या मापाची. विकणारे दिगंबरराव दारातच उभे. "मिसेसची आहे. पडूनच असते," म्हणाले. मी बसले. कोपर सैल, पाठ मोकळी, बोटं अलगद ब्रेकवर. आई शप्पत, रडूच आलं. पप्पूनं पैशे काढले.

तेवढ्यात त्यांची बायको श्रद्धाताई पाणी घेऊन आल्या. मला त्यांचा हात दिसला. मनगटापर्यंत रापलेला, पुढं पंजा गोरा. सायकलच्या हातमोज्यांची खूण ती, माझाबी हात तसाच. म्हंजी ही बाई रोज चालवत हुती.

"ताई, तुमी चालवता व्हय?"

"आता बंद," दिगंबरराव मधेच बोलले. "घर सोडून घाटात फिरायचं वय आहे का? घ्या तुम्ही, दुसरं गिऱ्हाईक येतंय."

पप्पूनं चिमटा काढला. "गप घे. आपल्याला काय करायचंय?"

खरं सांगते, मलाबी गपच बसायचं हुतं. दोन दिवसांत दुसरी कुटं घावणार? पण जीभ मेली ऐकंना. "ताई, तुमाला इकायचीय का? तुमी सांगा."

ताई नवऱ्याकडं बघत राहिल्या. मी मनात म्हणत हुते, व्हय म्हण बाई, एकदा व्हय म्हण.

"नाही," ताई म्हणाल्या.

"श्रद्धा, आत जा."

त्या गेल्या न्हाईत. पुढं येऊन त्यांनी हँडल धरलं. दुसऱ्या बाजूनं माझा हात. लय वेळ मला सोडवंना. मग सोडलं.

पप्पू स्टेशनापर्यंत शिव्या घालत आला. रविवारी निवड झाली, माझ्यावाचून. त्या बाईचा मला अजून राग येतो. तिनं व्हय म्हणलं असतं तर जास्त आला असता.