वाटा कमी करायचा नाही

रॉडनी प्रिचर्डला पैशातलं कळतं, हे ब्रिस्बेनमधल्या त्याच्या अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. सांगत तोच फिरायचा ना! सध्या त्याने शेअर घेतले होते भांडणं पोसणाऱ्या कंपनीचे. नाडलेल्या लोकांच्या खटल्याचा खर्च ही कंपनी उचलते आणि खटला जिंकला की भरपाईतला वाटा कापून घेते. हरला तर कंपनीचे पैसे बुडतात. पण रॉडनी काही बुडणाऱ्यांतला नव्हता.

कारण कंपनीचा सगळ्यात मोठा खटला त्याच्या परसातच राहत होता. धरणाचे दरवाजे नको तेव्हा उघडले आणि त्याच्या थोरल्या बहिणीचं, मर्लचं, घर पुरात गेलं. तेव्हापासून ती त्याच्या परसात कॅरव्हॅन, म्हणजे चाकांवरची खोली, लावून राहत होती, सोबत कोंबड्या आणि एक बोंबलणारा रेडिओ. तिच्यासारख्या पूरग्रस्तांनी याच कंपनीच्या पैशावर धरणवाल्यांना कोर्टात खेचलं होतं. भरपाई आली की घर बांधायचं, एवढ्या एका आशेवर बाई तग धरून होती. रॉडनीही धरून होता, परस मोकळं होण्याच्या आशेवर.

"दोन्ही हातांत लाडू," तो बायकोला म्हणाला. "ताईला घर, आपल्याला लाभांश."

"लाडू कुणाच्या ताटातले रे?" जॉयलीनने विचारलं. बायकांना शेअरबाजारातलं काय कळतंय म्हणून त्याने पेपरातले भाव उघडले.

धरणवाले अखेर तडजोडीला आले. त्याच सुमारास कंपनीची वार्षिक सभा होती. रॉडनी दरसाल जायचा. तिथे सँडविच फुकट असतात, आणि लहान भागधारकाला आजवर हमखास मिळालेला लाभांश तोच. अध्यक्षबाई म्हणाल्या, पूरग्रस्तांचे हाल बघता आपण आपला वाटा थोडा कमी घ्यावा म्हणतो.

रॉडनी अंड्याचं सँडविच हातात धरून उठला. "जोखीम आम्ही घेतली. दानधर्म करायचा तर ज्याने त्याने आपल्या खिशातून करावा. वाटा एका सेंटनेही कमी करायचा नाही."

टाळ्यांचा कडकडाट झाला. जन्मात पहिल्यांदा त्याच्यासाठी टाळ्या वाजत होत्या. बाईंनी मुकाट्याने बेत मागे घेतला, आणि पुढे कोर्टानेही वाटा मंजूर केला.

वकील आणि कंपनी जेवून उठल्यावर मर्लच्या पानात जे उरलं, त्यात घराचा अर्धा पाया झाला असता, भिंती दूरच. रॉडनीचा लाभांश आला, त्यात नवराबायकोचे मासे आणि चिप्स झाले असते.

"पेपरात आलंय," मर्ल चहा ओतत म्हणाली. "कंपनी सोडणार होती रे थोडं. सभेत कुणी मेला उठला आणि नको म्हणाला. त्याला बहीण नसेल का रे?"

जॉयलीन नवऱ्याकडे बघत राहिली. रॉडनीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"जाऊ दे. आता मरेपर्यंत इथंच आहे मी," मर्ल म्हणाली. "कॅरव्हॅनखाली ओल येते, काँक्रीट घालून घेते. थोडे कमी पडतील, तू घालशील ना?"

"घालतो, ताई," रॉडनी म्हणाला.