थोरलीच्या हातावरची रेघ

थोरल्या जावेला जिंकून मिळणार होतं ते एवढंच, की ऑपरेशन थिएटरमधल्या एका खणाची किल्ली तिच्याच खिशात राहील. खणात पेनं असत, ऑपरेशनआधी रुग्णाच्या अंगावर जागा आखायची. अकरा वर्षं ती सांगेल तीच जांभळी पेनं येत होती. धाकटी जाऊ त्याच थिएटरात लागून सहा महिने झाले नाहीत, तोच तिने काळं पेन पुढे केलं. घरी सासूबाईंना धाकटीच्या हातची भाजी गोड लागते, तेवढं थोरलीने गिळलं होतं. खण गिळवेना.

सर्जनबाईंनी तोड काढली. एकाच माणसाच्या एका हातावर काळी रेघ, दुसऱ्यावर जांभळी. जंतुनाशकाने तीनदा पुसायचं, उरेल ते पेन घ्यायचं. हात कुणाचे? थोरलीने आपले दिले. सगळ्यांना तिच्या मोठ्या मनाचं कौतुक वाटलं.

मन कसलं मोठं. चाचणीचा कागद आदल्या दिवशीच फळ्यावर लागला होता. त्यात माणसाचं चित्र, हातांवर दोन रेघा. थोरलीने जाता जाता तिरका डोळा टाकला. काळी रेघ डावीकडे. दुसऱ्या दिवशी कपडे बदलायच्या खोलीत तिने डाव्या हातावर क्रीम जिरेपर्यंत चोळलं. तेलकट कातडीवर शाई धरत नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक?

टेबलाशी धाकटीने जांभळं पेन उचललं. "ताई, डावा द्या."

"डाव्यावर तुझं ना?"

"चित्रातला माणूस आपल्याकडे तोंड करून आहे. आपल्या डावीकडे दिसतो तो त्याचा उजवा. पहिल्या दिवशी तुम्हीच तर शिकवलंत."

शिकवलं होतं खरं. दर नवशिकीला, तेही दरडावून. आता हात मागे घ्यावा तर कारण सांगावं लागणार. थोरलीने डावा हात दिला.

दुसऱ्याच पुसण्यात जांभळी रेघ बोळ्याबरोबर गेली. काळी तिसऱ्यानंतरही जागची हलली नाही. धाकटीने डाव्या हातावरून हलकेच बोट फिरवलं, बोटाकडे पाहिलं, आणि म्हणाली, "ताई, हात काय मऊ ठेवलाय तुम्ही." मग ते बोट बोळ्याला पुसलं. तेच थोरलीला जास्त झोंबलं.

चार दिवस घरी थोरली वाढत असताना सासूबाई विचारत होत्या, हातावर हे काय गं. धाकटीचं पेन, असं थोरलीलाच सांगावं लागे.

सर्जनबाईंना टिकाऊ खूण मिळाली, धाकटीला किल्ली. क्रीम थोरलीचं गेलं, कातडीही तिचीच रंगली.