हडळीचे दात

“काका, पुढचं पान बघू या ना,” सोनाली म्हणाली, तेव्हा रमाकांत तळवडेकरांनी उघड्या पुस्तकावर पोह्यांची बशी ठेवून दिली.

“आधी खाऊन घ्या. गार होतील.”

सोनालीने घाईघाईने बशी उचलली आणि पानावर पडलेलं कढीलिंबाचं पान दोन बोटांनी अलगद बाजूला केलं. ती मुंबईच्या एका कला महाविद्यालयात शिकवायची. जुन्या बालपुस्तकांतली चित्रं आणि ती काढणारी, विसरली गेलेली माणसं शोधायचा तिला नाद होता. रद्दीच्या दुकानात तिला ‘हडळीचं लुगडं’ नावाचं पातळसं पुस्तक मिळालं. चित्रं लिनोच्या रबरासारख्या मऊ लादीवर कोरून छापलेली, कोपऱ्यात बारीक ‘र. त.’. त्या दोन अक्षरांचा माग काढत ती सिल्वासात, डोकमर्डीच्या या फ्लॅटपर्यंत येऊन पोचली होती.

वासंतीबाई हरखून गेल्या होत्या. नरोलीच्या खोक्यांच्या कारखान्यात छपाई बघून निवृत्त झालेल्या आपल्या नवऱ्याला शोधत कोणी मुंबईहून येईल, असं त्यांना स्वप्नातही वाटलं नव्हतं.

“अहो, पण हे पुस्तक निघालंच नाही म्हणाला होतात ना?”

“निघालं असेल मागाहून,” रमाकांत म्हणाले. “मला कुठे कोणी कळवलं.”

हे धादांत खोटं होतं. पुस्तक वेळेवर निघालं होतं आणि भेट आलेल्या प्रती त्यांनी छापखान्यातच वाटून टाकल्या होत्या. तेव्हा नवीन लग्न, गिरगावात एक खोली, आणि त्या खोलीत दिवाळीला म्हणून आलेल्या सासूबाई शिमगा आला तरी हललेल्या नव्हत्या. जावई लिनो कोरायला बसला की त्या शेजारणीला दारातून सांगायच्या, “आमचे जावई खोडरबर कोरतात.” नेमकं त्याच दिवसांत प्रकाशकाने हडळीचं चित्र मागितलं. रमाकांतांना नमुना शोधायला बाहेर जावं लागलं नाही.

सोनालीने पान उलटलं.

“हे बघा काकू. ही हडळ म्हणजे मास्टरपीस आहे. एवढा जिवंत चेहरा मी मराठी पुस्तकात पाहिलेला नाही.”

वासंतीबाईंनी चष्मा लावला. पिंपळाच्या फांदीवर हडळ बसली होती. जुळलेल्या भिवया, आडवं कुंकू, हनुवटीवर तीळ, आणि काळ्या ओठांमधून डोकावणारे दोन पांढरे दात.

रमाकांत पाणी आणायला उठले. पाणी समोरच होतं.

“बसा,” वासंतीबाई म्हणाल्या. याच आवाजाला शाळेत त्यांचा चौथीचा वर्ग गप्प व्हायचा. रमाकांत बसले.

“ही आई आहे.”

“कोणाची?” सोनालीने विचारलं.

“माझी.” त्या नवऱ्याकडे वळल्या. “हे दात कुठून आले?”

“ते गोष्टीत होते.”

“आणि तीळ?”

तीळ गोष्टीत नव्हता.

“काकू, कलाकार लोक आजूबाजूचे चेहरे नकळत...”

“तू पोहे खा.”

आता वादळ होणार, या तयारीने रमाकांत मान खाली घालून राहिले. पण काहीच होईना, म्हणून त्यांनी वर पाहिलं. वासंतीबाईंनी पुस्तक मांडीवर घेतलं होतं आणि हडळीच्या भिवईवरून त्या बोट फिरवत होत्या.

“हिचा एक धड फोटो नाही माझ्याकडे,” त्या म्हणाल्या. “फोटो काढला की आयुष्य कमी होतं म्हणायची. आपल्या लग्नातसुद्धा ऐन वेळी तोंड फिरवलंन. पुढच्याच वर्षी गेली. हल्ली मला तिचा चेहरा नीट आठवतही नव्हता.”

मग त्यांनी विचारलं, “याचा ठसा कुठाय?”

“आहे,” रमाकांत म्हणाले. “वॉशिंग मशिनखाली.”

“आई मशिनखाली?”

“मशिन हलत होतं. प्लॅस्टिकमध्ये नीट गुंडाळून ठेवलंय. तोल सांभाळून होत्या.”

सोनालीला ठसका लागला. मग तिनेच मशिन एका बाजूने उचलून धरलं आणि रमाकांतांनी ठसा ओढून काढला. कडेला एक चीर गेली होती, बाकी सगळं शाबूत. ठसा मिळालाच तर म्हणून ती शाई, रोलर, कागद घेऊनच आली होती. डायनिंग टेबलवर शाई पसरली. रमाकांतांनी ठशावर रोलर फिरवला. कागद ठेवून त्यांनी वाटीच्या बुडाने घासला आणि एका कोपऱ्याने हळूच सोलून काढला.

“दात काढा,” वासंतीबाई म्हणाल्या.

“लिनोवर कोरलेलं परत भरता येत नाही, वासंती.”

मग आगपेटीतल्या काडीला कापूस गुंडाळून त्यांनी ती शाईत बुडवली.

“काका, नको, ओरिजिनल बिघडेल,” सोनाली कळवळून म्हणाली.

“तुम्हाला दुसरी प्रत काढून देतो, दातांची. ही घरची आहे.”

एक दात गेला. दुसरा गेला. तोंड मिटलं. पिंपळाच्या फांदीवर आता एक करारी बाई बसली होती.

आठवड्याने फ्रेम होऊन आली आणि बैठकीच्या भिंतीवर लागली. शेजारच्या ममताबेन वाटीभर ढोकळा घेऊन आल्या आणि चित्रापुढे थबकल्या.

“भाभी, आ कोण?”

“माझी आई.”

“झाडावर?”

“कोकणातली आहे,” वासंतीबाई म्हणाल्या. ममताबेनना ते पटलं.

त्या गेल्यावर वासंतीबाई चित्रासमोर जाऊन उभ्या राहिल्या. अंगात रोजचा गाऊन होता. मग त्या आत गेल्या आणि बऱ्याच वेळाने बाहेर आल्या त्या साडी नेसून, केस नीट बांधून. पुन्हा तिथेच उभ्या राहिल्या.

रमाकांतांनी पेपर बाजूला केला आणि टीपॉयवरचे पाय खाली घेतले.